कर्स्टी आणि हॉलमधला न तापणारा ओव्हन

नोलीनला आपल्या लेकीची एकच काळजी होती, आणि ती कितीही झटकली तरी हाकललेल्या मांजरीसारखी पुन्हा पायांत येऊन बसायची. कर्स्टीला भीती वाटत नाही. विजेची नाही, हिवाळ्यात बर्फाने गुळगुळीत झालेल्या डोंगररस्त्याची नाही, आणि लोक काय म्हणतील याची तर अजिबात नाही. चौतीस वर्षांची एकटी बाई पांढरी व्हॅन घेऊन लांबलांबच्या शेतांवर जाते, अनोळखी घरात शिरते, गुडघे टेकून लोकांच्या ओव्हनमध्ये डोकं घालते आणि वर शिट्टी वाजवते. ज्याला भीती नाही तो सावध राहत नाही, असं नोलीनचं पक्कं मत होतं.

"तिच्या वाटणीची भीतीसुद्धा मलाच वाहावी लागते," ती नवऱ्याला म्हणायची.

ग्रेम कुत्र्याला शिळा पाव घालता घालता म्हणायचा, "मग तिला वेगळी कशाला हवी? घरात एकाने वाहिली म्हणजे झालं."

नोलीनची भीती काही उगाचची नव्हती. बावीस वर्षांपूर्वी ग्लेनार्डल गावच्या सार्वजनिक हॉलमध्ये एका लग्नानंतर पाण्याचा बंब चालूच राहिला होता. शेवटी कुलूप लावलं होतं नोलीनने. सकाळी जाऊन बघते तर पाणी आटून बंब तांबडालाल, आणि भिंत छतापर्यंत काळी. हॉल वाचला, पण नोलीनच्या मनातली ती भिंत कोणी रंगवली नाही. तेव्हापासून स्वयंपाकघराच्या किल्ल्या तिने दुसऱ्या कुणाच्या हाती दिल्या नाहीत. सगळ्यांच्या आधी उघडणार ती, सगळ्यांच्या मागून बंद करणार ती. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं. नोलीन पाणीही फुंकून प्यायची.

कर्स्टी वेगळ्याच मातीची. नऊ वर्षांची असताना एका रविवारी तिने टोस्टर उघडून त्याचे सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते. ग्रेमला त्या दिवशी भाजलेला पाव मिळाला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून टोस्टर पूर्वीसारखा पाव एका बाजूने करपवेनासा झाला. नोलीन गावच्या दोन खोल्यांच्या शाळेत मास्तरीण होती, डनीडन शहरात शिकून पदवी घेतलेली. लेकीनेही शिकावं ही तिची इच्छा. कर्स्टी गेलीही. एक वर्ष काढून नाताळात घरी आली आणि चेरी खात म्हणाली, "आई, तिथे सगळे विजेबद्दल बोलतात. हात कोणीच लावत नाही."

मग तिने हात लावायचं काम शिकून घेतलं, परवाना मिळवला, आणि समुद्रापलीकडे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खाणींवर गेली. चारशे माणसांचं जेवण रांधणाऱ्या भटारखान्याची यंत्रं तिच्याकडे होती. तिथेच तिला झटका बसला. "वीज बंद केली आहे," असं कोणीतरी सांगितलं आणि तिने विश्वास ठेवला. उजव्या तळहातावर अजून पांढरी रेघ आहे. नोलीनला ही बातमी आठ दिवसांनी फोनवर कळली. तीही हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर.

त्याच फोनवर नोलीनने तिला शपथ घातली. "यंत्राकडे नुसतं बघायच्यासुद्धा आधी वीज बंद. स्वतःच्या हाताने. मग चष्मा लाव, मग बघ. म्हण माझ्या मागून."

"आई, मी पंचवीस वर्षांची आहे."

"म्हण."

कर्स्टीने म्हटलं. आणि म्हटलेलं पाळलं, इतकं की आपण ते पाळतोय हेही पुढे तिला कळेनासं झालं. भिंतीवरचं बटण बंद केल्याशिवाय ती कुणाच्या ओव्हनला तोंडही दाखवत नसे.

तीन वर्षांपूर्वी ती परत आली. जुनी व्हॅन घेतली, बाजूवर आपलं नाव रंगवलं आणि डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या घरांतले ओव्हन, धुलाईयंत्रं, दूधगोठ्यातले बंब दुरुस्त करू लागली. तिची पद्धत गावात लवकरच माहीत झाली. आल्या आल्या पिशवी उघडायची नाही. दिलेला चहा घ्यायचा, आणि विचारायचं, "हा बिघडायच्या आधी घरात काय काय झालं?"

हॉलसमोर राहणाऱ्या डॉटचा ओव्हन एकदा तापेना. डॉट म्हणाली, "काही झालं नाही गं. रोजच्यासारखंच सगळं."

"रोजच्यासारखं म्हणजे?"

"म्हणजे स्वयंपाक, भांडी, कोकराला दूध."

"कुठलं कोकरू?"

"आई मेलेलं. गारठलं होतं, म्हणून ओव्हनचं दार उघडं टाकून त्याच्यासमोर खोक्यात ठेवलं होतं. ते तर सगळेच ठेवतात!"

कर्स्टीने वीज बंद केली, चष्मा लावला, आणि दाराची कड दाखवली. दार घट्ट बसावं म्हणून लावलेली रबराची पट्टी कोकराने वीतभर खाल्ली होती. गरम हवा तिथून बाहेर, मग ओव्हन तापणार कसा? डॉटने कपाळाला हात लावला. कर्स्टी आईला म्हणाली, "लोक खोटं बोलत नाहीत, आई. रोज करतात ते त्यांना दिसतच नाही, म्हणून सांगत नाहीत." नोलीन हसली होती तेव्हा. डॉटवर.

त्या मे महिन्यात हॉलचा जुना ओव्हन गेला. दोन खुंट्यांचा, तपकिरी, चाळीस वर्षांचा. हॉलच्या समितीची अध्यक्ष युनिस टेल्फर. सगळं गाव तिला युनिस म्हणे. कर्स्टी मात्र लहानपणी युनिस चर्चमध्ये घ्यायची त्या रविवारच्या वर्गापासून "मिसेस टेल्फर"च म्हणायची. शहरातल्या दुकानातून माणूस बोलवावा की कर्स्टीला सांगावं यावर समितीत अर्धा तास गेला. नोलीनही समितीवर होती, पण लेकीचा विषय म्हणून मतापासून लांब राहिली. शेवटी युनिस म्हणाली, "गावात विहीर असताना नदीवर कोण जातं?" आणि काम कर्स्टीला मिळालं.

नवा ओव्हन देखणा होता. काचेचं दार, काळी पट्टी, पट्टीवर हिरव्या आकड्यांचं घड्याळ. बसवल्यावर कर्स्टीने त्यात स्कोनचे छोटे पाव भाजून दाखवले. युनिसने दोन खाल्ले आणि "बरे आहेत," म्हणाली. ग्लेनार्डलमध्ये हे छातीवर बिल्ला लावण्यासारखं.

जाता जाता तिने कर्स्टीला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे नोलीनला ऐकू जाईल इतकंच. "शेजारच्या गावच्या वृद्धाश्रमाच्या मंडळावर मी आहे, ठाऊक आहे ना? तिथल्या सगळ्या यंत्रांचं काम वर्षभरासाठी कुणाला तरी बांधून द्यायचंय. जुलैच्या शेवटच्या मंगळवारी ठरेल. तुझं नाव मी पुढे करणार. तोवर तोंडाला कुलूप."

कर्स्टीने मान हलवली. नोलीनला मात्र आनंद आणि धास्ती एकदमच झाली. वर्षभराचं बांधलेलं काम मिळालं तर लेक इथेच रुजली. नाही मिळालं तर खाणीवाल्यांचा फोन दर दोन महिन्यांनी येतच होता. "जागा राखून ठेवली आहे," म्हणायचे ते.

जूनच्या पहिल्या गुरुवारी हॉलमध्ये गावातल्या म्हाताऱ्यांचं जेवण होतं. भोपळ्याचं सूप आणि चीज रोल. सहा जणींनी मिळून पावाच्या चकत्यांवर चीजकांद्याचं सारण पसरलं, गुंडाळ्या केल्या, वरून लोणी लावलं, आणि ट्रे आत सरकवले. आत दिवा लागला, पंखा फिरला. वीस मिनिटांनी डॉटने दार उघडून हात घातला.

"युनिस, माझ्या नवऱ्याचे पाय याहून गरम असतात."

कर्स्टीला फोन गेला. ती तासाभरात आली. भिंतीवरचं बटण बंद, डोळ्यांवर चष्मा, मागची पाटी काढली. तापणारी कॉइल मोजली, ठीक. उष्णता राखणारा भाग तपासला, ठीक. तारा एकेक ओढून पाहिल्या, एक जरा सैल वाटली ती आवळली. सगळं परत बसवलं, वीज लावली, घड्याळ लावलं, ओव्हन चालू केला. पाच मिनिटांत आतली हवा तोंडावर यायला लागली.

"सैल तार होती बहुतेक," कर्स्टी म्हणाली. तिला ते 'बहुतेक' आवडलं नाही, हे तिच्या शिट्टीवरून नोलीनला कळलं. अर्ध्यावर थांबली होती.

मग जुलैत सँडी पर्डी गेला. ब्याण्णव वर्षांचा, तीन खोऱ्यांत ओळख असलेला माणूस. शुक्रवारी दफन, आणि नंतरचा चहा हॉलमध्ये. दीडशे माणसं. आणि गावाची रीत अशी की चहाला सँडविच असो, केक असो, पण गरम सॉसेज रोल, म्हणजे खिमा भरून भाजलेली गुंडाळी, नसेल तर मेलेल्याचा मान राखला असं कोणी म्हणत नाही. नोलीनने पहाटेच हॉल उघडला. दहा वाजता पहिले ट्रे आत गेले. साडेदहाला बाहेर आले, गेले तसेच. पांढरेफटक, मऊ, गारढोण.

त्यानंतरचा तास गाव विसरणार नव्हतं. काळे कपडे घातलेल्या बायका ट्रे घेऊन मोटारींत बसल्या आणि ज्या ज्या घराचा ओव्हन जवळ होता तिकडे धावल्या. डॉटच्या घरी तीन ट्रे, शाळेच्या आताच्या मास्तरांकडे दोन, टेल्फरांच्या शेतावर चार. शवपेटीमागून येणारी मिरवणूक आणि सॉसेज रोलांची मिरवणूक चौकात समोरासमोर आल्या. सँडीचा थोरला मुलगा गाडी थांबवून म्हणाला, "आधी त्यांना जाऊ द्या. बाबा कुठे पळून जाणार आहेत?" तो हसला, पण युनिस हसली नाही. अर्ध्या लोकांना रोल मिळाले ते थंडच.

कर्स्टी त्या दिवशी साठ किलोमीटरवर एका गोठ्यात होती. तीनला पोचली. पुन्हा वीज बंद, चष्मा, मागची पाटी. पुन्हा सगळं ठीक. वीज लावली, घड्याळ लावलं, आणि ओव्हन शहाण्या बाळासारखा तापला.

"तू आलीस की तापतो," युनिस म्हणाली. "तुझ्यावर जीव दिसतोय त्याचा. आम्ही काय वाईट केलंय?"

"मिसेस टेल्फर, रात्री हे भिंतीवरचं बटण कोणी बंद करतं का?"

"त्याच्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी तूच लावलीस. आम्हाला वाचता येतं."

"डॉट?"

"मी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही."

"आई?"

"मी त्या ओव्हनला हात लावलेला नाही," नोलीन म्हणाली. ते अक्षरशः खरं होतं.

युनिसने हातातला फडका घडी करून ठेवला. "मंगळवारी दहाला वृद्धाश्रमाची बैठक आहे, मुली. मी कुठल्या तोंडाने तुझं नाव घेऊ? थंड सॉसेज रोलच्या?"

नोलीनला वाटलं, आता तरी पोरगी खाली बघेल. कर्स्टीने खाली बघितलं नाही. "मला सोमवारची सकाळ द्या," ती म्हणाली. "नेहमी जशा येता तशाच या. स्कोन करायला घ्या. मी अवजार काढणार नाही, वीज बंद करणार नाही, कशाला हात लावणार नाही. नुसती बसून बघणार."

घरी येताना नोलीन गाडीत म्हणाली, "वीज बंद न करता?"

"लांब बसून, आई. तुझी शपथ एका सकाळपुरती मोडते. दोनदा मी आधी बटण बंद केलं आणि मग बघितलं. ओव्हन न तापताना कसा दिसतो, हे मी अजून बघितलेलंच नाही." आणि तिने पूर्ण शिट्टी वाजवली. नोलीनला रात्रभर डोळा लागला नाही.

सोमवारी कडाक्याचा गारठा होता; जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा. कर्स्टी हॉलच्या पायरीवर वाट बघत उभी होती. नोलीनने कुलूप काढलं, ओसरीत गमबूट काढले, कोट खुंटीला अडकवला, खुंटीवरच्या इतर कोटांमागे हात घालून खट्ट केलं, आत जाऊन पडदे सरकवले, बंबात पाणी भरलं. कर्स्टी ओसरीत जरा रेंगाळली, मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर जाऊन बसली, हात मांडीवर, वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारखी.

डॉट आली, युनिस आली. पीठ मळलं, स्कोन कापले.

"बसून पगार मिळतो का गं या धंद्यात?" डॉटने विचारलं.

"आज तर पगारही नाही," कर्स्टी म्हणाली. "स्कोन मिळाला तरी खूप."

"तापला तर मिळेल," युनिस म्हणाली.

ट्रे आत गेला. दिवा लागला. पंखा फिरला. दहा मिनिटांनी डॉटने काचेवर तळहात टेकवला आणि तिघी एकदमच कर्स्टीकडे वळल्या. कर्स्टी उठली. ती ओव्हनच्या मागे गेली नाही, वाकली नाही. समोर उभी राहिली आणि काळ्या पट्टीकडे बघत राहिली. हिरवे आकडे उघडझाप करत होते. शून्य, शून्य, शून्य, शून्य.

तिने दोन बटणं एकदम दाबली, घड्याळात सव्वानऊ लावले. आकडे स्थिर झाले. आत कुठेतरी टक्क वाजलं. थोड्या वेळाने लोण्याचा वास आला.

"एवढंच?" युनिस म्हणाली.

"एवढंच. वीज गेली की याचं घड्याळ पुसलं जातं. घड्याळ लावेपर्यंत तो दिवा लावतो, पंखा फिरवतो, पण तापत नाही. मी दुरुस्तीनंतर सवयीने घड्याळ लावत होते, म्हणून माझ्यासमोर तापायचा." तिची नजर ओसरीच्या दाराकडे गेली, तिथून आईकडे, आणि परत युनिसकडे. "चूक माझी, मिसेस टेल्फर. बसवला त्या दिवशीच हे सांगायला हवं होतं."

"पण वीज गेली कधी? आमच्याकडे तर नाही गेली."

"हॉलची गेली असणार. वारा असतो."

डॉटने दोन बटणं दाबून बघितली, पुन्हा दाबून बघितली, आणि खूश झाली. युनिस झाली नाही. तिने स्कोन खाल्ला, हात पुसले. "चुकीचं एवढं काही नाही गं. चुका माझ्याही होतात. पण दोनदा आलीस आणि डोळ्यांसमोरचं घड्याळ दिसलं नाही? तिथे नव्वदीची माणसं आहेत. जेवण वेळेवर तापलं नाही तर साखरेच्या आजाराची माणसं चक्कर येऊन पडतात. शहरातला माणूस मला आवडत नाही, पण उद्या त्याचंच नाव घ्यावं लागेल. राग धरू नकोस."

"नाही धरत," कर्स्टी म्हणाली. आणि खरंच धरला नाही, ते बघून नोलीनच्या अंगाचा तिळपापड झाला.

युनिस आणि डॉट गेल्यावर कर्स्टी पिशवी घेऊन ओसरीत काहीतरी खुडबुडत होती. नोलीनने तिला दारातच गाठलं.

"तुला दिसलं नाही? तुला? तू आजवर न केलेली चूक कधी कबूल केली आहेस? बापाचा रेडिओ मोडल्याचा आळ तुझ्यावर आला तेव्हा दोन दिवस जेवली नव्हतीस, कारण तो कुत्र्याने पाडला होता!"

"तेव्हा बारा वर्षांची होते."

"मग आज काय झालं?"

"मोठी झाले असेन." कर्स्टीने तिच्या गालाला गार नाक लावलं. "आई, उद्या खाणीवाल्यांना फोन करते. तिकडे ऊन तरी आहे. कुलूप नीट लाव हं."

व्हॅन गेली. नोलीन आत एकटी राहिली. तिने भांडी जागेवर लावली, बंब रिकामा केला, खिडक्या बघितल्या, दोनदा बघितल्या. कोट घेतला, गमबूट चढवले. मग हात कोटांमागे गेला, बावीस वर्षं जात होता तसा, न बघता, बोटांना जागा पाठ.

बोटांना आज बटण लागलं नाही. काहीतरी गुळगुळीत लागलं.

तिने कोट बाजूला केले. स्वयंपाकघराची वीज तोडणारं जुनं मोठं बटण होतं ते, बंब जळला त्या वर्षी तिनेच मागणी करून बसवून घेतलेलं. फ्रीज तेव्हापासून मुद्दाम हॉलच्या बाजूच्या तारेवर. बटणावर आता आडवी-उभी निळी चिकटपट्टी होती, आणि तिच्यावर पेनाने लिहिलं होतं: "हे चालूच राहू दे, आई. बंबाचं मी बघते."

नोलीन खुंटीखालच्या बाकावर बसली. ओव्हनला तिने खरंच कधी हात लावला नव्हता. ती फक्त रोज निघताना त्याचा गळा दाबत होती आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन सोडत होती, म्हणून दिवे लागलेले, बंब चालू, कोणाला काही कळलं नाही. जुन्या ओव्हनला घड्याळ नव्हतं, त्याला काही वाटत नसे. आणि कर्स्टीला दोनदा ते लुकलुकणारे आकडे का दिसले नाहीत? कारण बघायच्या आधी वीज बंद करायची शपथ होती. ती कोणी घातली होती? काखेत कळसा, आणि ती गावभर हिंडत होती. डॉटच्या कोकरावर हसलेली बाई ती.

आणि पोरीने सकाळी आल्या आल्याच ते बघितलं होतं. ओसरीत रेंगाळली होती ती त्यासाठीच. तिघींसमोर एक शब्द बोलली असती तर उद्याचं काम तिचं होतं. पण मग सँडी पर्डीच्या शेवटच्या चहाचे रोल कुणी थंड केले, हे गावाला कळलं असतं, आणि ग्लेनार्डल अशी गोष्ट वीस वर्षं सांभाळून ठेवतं. लोक काय म्हणतील याची भीती कर्स्टीला नाही, असं नोलीन जन्मभर म्हणत आली होती. आईला काय म्हणतील याची मात्र होती.

साडेपाचला जेवण झालं. मटण, सलगमाचा लगदा, पुदिन्याची चटणी. ग्रेमने तिची ताटली बघितली. तिने काही खाल्लं नव्हतं, लगद्यात काट्याने नुसते वाफे पाडले होते. तिने सगळं सांगितलं. ग्रेमने काटा खाली ठेवला.

"गाव हसेल," तो म्हणाला.

"हसू दे."

"वीस वर्षं हसेल."

"वीस वर्षांनी मी शहाऐंशीची असेन. ऐकूच येणार नाही."

"कर्स्टी चिडेल."

"तिला आधी विचारलं तर 'राहू दे' म्हणेल. म्हणून विचारणार नाही." नोलीन उठली. तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. मनात भीती शोधत होती, सापडत नव्हती.

सहाच्या बातम्या सुरू झाल्या होत्या. त्या अर्ध्या तासात ग्लेनार्डलमध्ये कोणी कोणाला फोन करत नाही. कोणी गेलं असेल तरच.

"बातम्या तरी संपू देत," ग्रेम म्हणाला.

"संपल्या की युनिस मंडळाच्या एकेकाला फोन लावत बसेल. बैठकीच्या आदल्या दिवशी लावतेच ती. एकदा तिने शहरातल्या माणसाचं नाव सांगितलं की ते दगडावर कोरलं." तिने भिंतीवरचा फोन उचलला. नंबर शोधायची गरज नव्हती. "आणि रोल थंड का झाले, हे तिने माझ्या तोंडून ऐकावं. घड्याळ बघायला विसरलेली पोर वेगळी, आणि आईची अब्रू झाकायला आपलं काम सोडणारी पोर वेगळी. वृद्धाश्रमाला यातली कोणती हवी, ते तिनेच ठरवावं."

ग्रेमने टीव्हीचा आवाज बंद केला, आणि ती नंबर फिरवू लागली.